आई स्टेशनकडे जायची
मोगऱ्याचा वास आला की मुलुंडची ती सकाळ आठवते. आईला तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. मला सुट्टी होती. अंघोळ करून बाहेर आले तर दार उघडं आणि आई घरात नाही. ओल्या केसांनीच धावत सुटले. फरसाणवाले गुजराती काका म्हणाले, "देवळाकडे गेल्या." देवळाजवळ मोगऱ्याचे गजरे ओवणारी तमिळ फुलवाली म्हणाली, "स्टेशनला गेली. तू ऑफिसला गेलीस की रोज जाते ना, तुला आणायला." पुलाच्या पायरीशी आई उभी होती, उतरणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा बघत. मी समोर गेले तर म्हणाली, "सरक गं, माझी मुलगी येईल आता." मी शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिनेच माझा हात धरला, "नाही आली. चल, तुला घरी सोडते." आई जाऊन तीन वर्षं झाली, तरी ऑफिस सुटलं की मी अजून भरभर चालते.