घरपट्टीची रांग

मागच्या आठवड्यात घरपट्टी भरायला नगरपालिकेत गेलो होतो. शेजारच्या खिडकीपाशी पालिकेचे निवृत्त कर्मचारी पेन्शनसाठी हयातीचे दाखले द्यायला उभे होते. माझ्या पुढचे किराणा दुकानदार वाढलेल्या पट्टीनं वैतागले होते. त्या म्हाताऱ्या माणसांकडे बघत ते मोठ्यानं म्हणाले, "आपण भरायचं आणि यांनी घरी बसून खायचं! मग रस्त्याला पैसा उरणार कुठून?"

दाखला देऊन वळलेल्या एका बाईंनी ते ऐकलं. त्यांनी स्वतःचं घरपट्टीचं बिल काढलं आणि त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

दुकानदार ओशाळले. "मावशी, तुम्ही पुढे या."

"कशाला? रांगेनं येते," त्या म्हणाल्या. "पालिकेच्या दवाखान्यात जन्मभर बाळंतपणं केली, पेन्शन त्याची आहे. पट्टी मलाही जड जाते हो. पण रस्त्याचं तुमचं खरं आहे. विचारायला जाणार असाल तर मीही येते."

पट्टी भरणारे आणि पेन्शन घेणारे अशी दोन गावं आपण उगीच मनात वसवतो. गाव एकच असतं. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांना दिलेला शब्द त्यानं पाळायचा असतो, आणि बाकीचा पैसा कुठे गेला हेही त्यानंच विचारायचं असतं.

पावत्या घेऊन आम्ही तिघंही मुख्याधिकाऱ्यांकडे निघालो. जिना चढताना दुकानदारांनी मावशींना हात दिला होता.