पाच इंच कमी

"मावशी, जय भीम. तुमचे कव्हर बोटीवर बसूनच नाई राहिले."

प्रवीणचा फोन आला तेव्हा वच्छला सोमकुवर सौंसरच्या बसस्टँडमागच्या दुकानात एका ट्रकच्या सुती तिरपालाची, म्हणजे ताडपत्रीची, कड शिवत होती. तिनं मशीनवरचा पाय काढला.

"बसून नाई राहिले म्हंजे? मी सोता बसवून आली न बाप्पा."

"तेव्हा बसले होते. मंगळवारी, बुधवारी अवकाळी पाऊस आला, मंग कडक ऊन पडलं. आता पुढून बटणं लावले का मागून पाच इंच कमी पडते. चारही बोटीचं तसंच. अन् सोमवारी नवीन साहेब पाहाले येऊन राहिले."

पुढचं प्रवीणनं सांगितलं नाही, पण वच्छलाला ते माहीत होतं. तो रामाकोन्याचा, तिच्या माहेरचा, तिच्या मैत्रिणीचा, सुशीलाचा, मुलगा. धरणावरच्या बोट क्लबात कंत्राटी कामाला होता. बोटींच्या कव्हरांचं काम नागपूरच्या एका दुकानाला जात होतं, तेव्हा हाच मध्ये पडला होता. "माझ्या मावशीपेक्षा चांगलं कोणी शिवत नाई," असं त्यानं जुन्या साहेबांना छातीठोक सांगितलं होतं. त्याचं कंत्राट या महिन्याअखेर संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे नवे साहेब ठरवणार होते.

फोन ठेवून तिनं मशीनवरचं तिरपाल बाजूला सारलं. आतल्या बाजूला तिचा नवरा मोतीराम दोऱ्याला मेण लावत बसला होता.

"काय झालं?"

"कापड आटलं."

मोतीराम हसला. "आटलं त आटलं. आपल्या गाड्याइचं नाई का आटत?"

घोळ नेमका तिथंच होता. बावीस वर्षं वच्छलानं संत्र्याच्या ट्रकांची तिरपालं शिवली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा ब्लाउज शिवता येत नव्हता. सासऱ्यांनी तिला जाड सुई धरायला शिकवली आणि पाच वर्षांत ती सासऱ्यांपेक्षा सरळ शिवायला लागली. ट्रकचं तिरपाल मापापेक्षा हातभर मोठं कापायचं आणि दोरीनं आवळायचं, ही इथली रीत. पहिल्या पावसात ते आटतं आणि मालावर आणखी घट्ट बसतं. कापड आटलं तर गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्यामुळे नवं कापड आधी भिजवून घ्यायची गरजच तिला कधी पडली नव्हती. बोटीच्या कव्हराला मात्र दोरी नव्हती. बोटीच्या काठाला पितळी टिचबटणं बसवलेली, आणि कव्हरावरचं प्रत्येक बटण आपल्या जोडीदारावरच यायला हवं. वच्छलानं इंचाइंचाचं माप घेतलं होतं आणि कोरं कापड त्याच मापानं कापलं होतं.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं ती धरणावर गेली. प्रवीण फाटकाशीच उभा होता. रात्रभर झोपला नसावा. काठावर ओढून ठेवलेल्या चार फायबरच्या बोटींवर तिनं शिवलेली कव्हरं आखूड सदऱ्यासारखी दिसत होती. मागच्या सीटवर पाणी साचून फोम फुगला होता.

"ओढून पाहू का?" प्रवीणनं विचारलं आणि तिचं उत्तर यायच्या आधीच जोर लावला. एक बटण कापडासकट उपटून त्याच्या हातात आलं.

"कोरडं कायले ओढतं! थांब ना जरा!"

ती स्वतःशीच ओरडल्यासारखी ओरडली. मग तिनं कोमट पाणी मागितलं. कव्हर भिजवून नरम केलं. पुढच्या टोकाचं मधलं बटण आधी लावलं, मग मागच्या टोकाचं, मग एक डावीकडचं आणि एक उजवीकडचं. दोघं समोरासमोर उभे राहून तळहातांनी कापड हळूहळू ताणत गेले. बोटभर, दोन बोटं, चार बोटं. अकरा वाजेपर्यंत शेवटचं बटण टच् करून बसलं. बाकीची तीनही तशीच बसली. एप्रिलचं ऊन होतं, दोन वाजेपर्यंत चारही कव्हरं वाळून ढोलकीसारखी ताठ झाली.

प्रवीणच्या चेहऱ्यावर रंग आला. "झालं ना मावशी! कोण म्हणन का आटले होते? चला, डबा खाऊ."

वच्छलानं डबा उघडला नाही. ती पहिल्या बोटीभोवती फिरत राहिली. हात लावला की कापड थरथरत होतं. बटणांभोवतीची भोकं लांबट झाली होती. कापड बसलं होतं, पण मनाविरुद्ध बसवलेल्या माणसासारखं.

"बादली आण."

"कायले?"

"पाणी टाकाचं आहे."

"मावशी, पागल झाल्या का? परवा साहेब येऊन राहिले! ते पाहून जाऊ द्या, मंग टाका ना किती टाकाचं ते!"

"अन् साहेब गेल्यावर पाऊस आला त?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू."

तिला क्षणभर वाटलं, पोरगा बरोबर बोलतो आहे. सोमवार निघाला की त्याचं कंत्राट वाढेल, पुढे कुणी विचारलं तर म्हणता येईल की कापडच तसं निघालं. पण तिरपाल शिवून दिल्यावर पाऊस आला की ती आजवर निवांत झोपली होती. यापुढे ढग दिसले की धरण आठवेल. प्रवीण हलेना, तेव्हा तिनं स्वतःच बादली भरली आणि कव्हरावर ओतली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सूत फुगलं, कापड आखडलं आणि मागचं बटण उडालं. त्याच्या शेजारचं उडालं. टच्, टच्, टच्. प्रवीणनं डोक्याला हात लावला.

"झालं. आता घरी बसतो मी. मायले काय सांगू, तुम्हीच सांगा."

  वच्छला दगडावर बसली आणि सुटलेल्या टोकाकडे बघत राहिली. कापडाला जेवढं आटायचं होतं तेवढं ते आटणारच होतं. आपण उगाच त्याच्याशी झोंबी घेत होतो. मग आटू द्यायचं का? पुरतं आटू द्यायचं आणि जेवढं कमी पडेल तेवढं नवीन घालायचं.

संध्याकाळच्या बसच्या टपावर चार कव्हरं बांधून ती सौंसरला आली. आल्या आल्या ती हौदात बुडवली. सकाळी काढून उन्हात टाकली, वाळल्यावर पुन्हा बुडवली. दुसऱ्यांदा वाळल्यावर मोतीरामनं टेप लावला.

"पाच इंच. कालच्यापेक्षा सूतभरही जास्त नाई आटलं."

"म्हंजे आता थांबलं." तिनं श्वास सोडला. "पट्टी टाकाची. पण कोऱ्या कापडाची नाई."

मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं, उठला आणि माळ्यावरून एक जुनं ट्रकचं तिरपाल खाली फेकलं. दहा पावसाळे खाल्लेलं, उन्हानं पांढुरकं पडलेलं. "हे घे. याच्यात आटाले काही शिल्लकच नाई. माझ्यासारखं."

"तुमची जीभ त नाई आटली."

तिनं कव्हर मधोमध, जिथं ते सगळ्यात उंच असतं आणि पाणी थांबत नाही, तिथं आडवं कापलं. कात्री चालवताना तिनं दोनदा टेप लावला, तिसऱ्यांदाही लावला. पट्टीच्या आणि कव्हराच्या कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई, वरून मेण. आटल्यानं जागचे सरकलेली बाजूची बटणं आणि ते उपटलेलं बटण तिनं मापानं पुन्हा ठोकलं. रविवार संपला तेव्हा तीन कव्हरं झाली होती. चौथं सुईदोऱ्यासकट पिशवीत भरून ती सोमवारी निघाली. साहेब बाराला येणार होते.

ते दहालाच आले. तीन बोटींवर कव्हरं चढली होती आणि वच्छला जमिनीवर फतकल मारून चौथं हातानं शिवत होती. हिरव्या कापडात ती पांढुरकी पट्टी लांबूनही दिसत होती.

"ये क्या है?" साहेबांनी प्रवीणला विचारलं. "नये कवर में पैबंद?"

ठिगळ म्हटल्यावर प्रवीणनं मावशीकडे पाहिलं. वच्छला सुई धरूनच उठली.

"साहब, कपड़ा भिगोए बिना काटा मैंने. बारिश में आट गया. गलती मेरी है, लड़के की नहीं. अब जितना आटना था, आट चुका."

"मतलब फिर नहीं सिकुड़ेगा?"

"पानी डाल के देखो."

हे शब्द तोंडातून गेले आणि मग तिला आठवलं. बोटीवर चढवल्यावर तिनं पाणी टाकून पाहिलं नव्हतं, वेळच मिळाला नव्हता. साहेबांनी मानेनं खूण केली. प्रवीणनं बादली आणली. घाईत अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. उरलेलं त्यानं ओतलं.

कापड गडद झालं. पाणी पट्टीवरून दोन्हीकडे ओघळलं. वच्छला मागच्या बटणाकडे टक लावून बघत होती. कान त्या एका आवाजाकडे लागले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, एक फेरी मारली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी वाकून बटणाशेजारी बोट घातलं. कापड ना ढिलं होतं, ना ताणलेलं.

"दिखने में अच्छा नहीं है," ते म्हणाले. मग सीटवर हात फिरवला. ती कोरडी होती. "पर काम का है. प्रवीण, चौथा हो जाए तो ऑफिस आना. तुम्हारा काग़ज़ आज ही कर देते हैं."

ते गेल्यावर प्रवीण बोटीला टेकून मटकन खाली बसला. पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. तो हसत होता की रडत होता, सांगता येत नव्हतं.

"मावशी, तुम्हाले पक्कं माहीत होतं ना, नाई उडन म्हणून?"

"नाई," वच्छला म्हणाली. तिनं सुईत दोरा घालून पाहिला, दोनदा हुकला. तिनं सुई त्याच्यापुढे धरली. "घे, ओवून दे. अजून दोन फूट बाकी आहे."