नंबर वनची बत्ती

सन १९९८. माझं वय अडतीस. मी हवालदार होतो. आमची इंजिनिअर कंपनी तेव्हा देवळालीला होती, बिऱ्हाडही तिथंच फॅमिली क्वार्टरमध्ये. गाव माझं दिंडोरी तालुक्यात, शिक्षण चौथी.

आमचं काम पाण्याखालचं. पूल, धरणाची दारं, बुडालेल्या गाड्या, बुडालेली माणसं. उघड्या पाण्यात वर पाहिलं की उजेड असतो. गुहेत नाहीतर बोगद्यात वर दगड. दम संपला तरी वर येता येत नाही, आल्या वाटेनंच परत फिरावं लागतं. म्हणून तिथं हवेच्या खालोखाल बत्तीला मान. उतरतात दोघं. मेन बत्ती पुढच्याकडे, मागच्याकडे नुसती छोटी स्पेअर. ज्याच्याकडे मेन बत्ती तो नंबर वन.

नंबर वन मी होतो. मग नाईक दशरथ आला.

दशरथ सुरगाण्याकडचा, डोंगरातला. माझ्याहून लहान, डायव्हिंग कोर्सला पहिला. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. लंगरात जेवायला गेला की त्याच्या डाळीवर तूप पडायचं. माझी डाळ पातळ. माझी बायको त्याला भावजी म्हणायची आणि तो येणार असला की नागलीच्या भाकरी थापायची. मला नागली आवडत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

त्या साली वरून तीन बत्त्या नमुन्याला आल्या. एक पसंत करून कळवायची होती. पहिलीचा बॅटरीचा डबा कमरेला, तिथून वायर, दिवा डोक्यावर. दुसरी रेल्वेच्या गार्डच्या कंदिलासारखी, वर मूठ. तिसरी काळी, लांबट, हातात मावणारी. आत जाड सेल, तोंड पिळलं की लागायची.

मी डोक्यावरचीच्या बाजूचा. दशरथ हातातलीच्या.

सुभेदार साहेब म्हणाले, "जिसकी बत्ती पास, वो नंबर वन." ते हसत म्हणाले. मी हसलो नाही.

कॅम्पातल्या पाण्याच्या टाकीत घमेल्यांनी माती ओतली. पाणी चहासारखं झालं. पलीकडच्या टोकाला जेवणाची थाळी टांगली. जी बत्ती थाळी दाखवील ती खरी.

कंदिलाचा निकाल लगेच लागला. उजेड भरपूर, पण पसरट. गढूळ पाण्यात पसरट उजेड सोडला की समोर पांढरी भिंत उभी राहते. थाळी काय, आपला हात दिसत नाही. दुकानात जी सगळ्यात झगझगीत दिसते ती खाली सगळ्यात आंधळी.

राहिलो आम्ही दोघं. काठावर जुंपली.

"दश्या, हातात बत्ती धरलीस तर परतीची दोरी कोण धरणार? तुझा सासरा?"

"दोन बोटांत दोरी, बाकी मुठीत बत्ती. एका डाव्या हाताचं काम हाय, दादा. सासऱ्याला कशाला भिजवायचं?"

पोरं हसली.

"हातातून सुटली म्हणजे?"

"मनगटाला नाडी बांधलीय."

"माझी तुझ्या दुप्पट वेळ जळते."

"जळते ना. पण तिला चार्जर पाहिजे. हिचे सेल पेठच्या बाजारात मिळतात."

सुभेदार साहेब स्वतः आमच्याबरोबर उतरले. माझा दिवा डोळ्यांच्या अगदी वर, त्यामुळे पाण्यातली माती चमकून डोळ्यातच येत होती. साहेबांकडे पाहिलं की त्यांचे डोळे दिपत. दशरथनं बत्ती हात लांब करून बाजूला धरली. बारीक उजेड सरळ थाळीवर गेला.

वर आल्यावर त्यानं आणखी एक काढलं. खाली बोलता येत नाही, तेव्हा बत्तीनं बोलायचं. भिंतीवर उजेडाचा गोल काढला तर 'ठीक'. आडवी झपझप हलवली तर 'अडचण'. "हवालदार साहेबांना बोलायचं तर कसं?" असं म्हणून त्यानं नंदीबैलासारखी मुंडी हलवून दाखवली. सुभेदार साहेबसुद्धा हसले.

"हाथ वाली," ते म्हणाले. "दशरथ नंबर वन."

माझी जास्त वेळ जळायची, हे कुणी धरलंच नाही. मी आजही सांगतो, ती बत्ती वाईट नव्हती.

घरी गेलो तर बायको म्हणाली, "भावजी पहिले आले म्हणे."

"तुझ्यापर्यंत आलं का लगेच?"

"सगळ्या क्वार्टरांत झालंय."

हवालदारानं नाईकाच्या मागं पोहायचं. फौजेत असं होतं. कामापुढे दंडावरची फीत बघत नाहीत, हे मलाही कळत होतं. पण पुढं चालणाऱ्याची पाठ बघत काम करायची मला सवय नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी पेठच्या बाजूला एका डोंगरात बोगद्याचं खोदकाम चालू असताना आत पाणी फुटलं. मजूर पळाले, एक राहिला. मोतीराम नावाचा, तिथलाच. आतला लोखंडी पाइप कुणीतरी ठोकत होतं, म्हणजे तो जिवंत होता. आम्ही सकाळी वन-टन गाडीनं निघालो आणि दुपारी तोंडाशी पोचलो.

सुभेदार साहेबांनी वायरलेस सेट उचलला. "नंबर वन, नंबर टू अंदर जा रहे हैं. ओव्हर."

मी नंबर टू.

दोरी बांधून उतरलो. दशरथ पुढं, मी मागं. वळणावर त्यानं गोल काढला, मी माझ्या छोट्या बत्तीनं काढला. छताला लाकडी टेकू होते, काही वाकलेले. पुढं बोगदा चढत होता. तिथं पाण्याच्या वर डोकं निघालं. हवा कोंदट, पण हवा होती. मोतीराम एका दगडावर पाय पोटाशी घेऊन बसला होता.

त्याला मास्क आणि माझ्या सिलिंडरचा जादा माउथपीस दिला. तो पाण्याकडे बघेना. "अंधारात नाय येनार," एवढंच म्हणे. मी दम दिला. काही उपयोग झाला नाही. दशरथ त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलला. मला अर्धंच कळलं. मोतीराम चक्क हसला. अशा जागीही या माणसाला लोक हसून दाखवत होते.

मग दशरथनं मनगटाची नाडी सोडली आणि मेन बत्ती मोतीरामच्या हातात दिली.

"दश्या, काय करतोस? मेन बत्ती सोडायची नसते."

"तुमची डोक्यावरची असती तर देता आली असती का?" तो म्हणाला. "तुम्ही पुढं व्हा, दादा. हा तुमचा पट्टा धरील, उजेड हाच दाखवील. मी मागनं त्याचे पाय बघतो."

म्हणजे पुढं मी. मध्ये मोतीराम, त्याच्याकडे मेन बत्ती. मागं दशरथ, त्याच्याकडे मी दिलेली स्पेअर.

निम्म्या वाटेवर मागं टेकू कोसळले. आवाज छातीत बसला. दोरीला हिसका आला. मी वळून पाहिलं. मोतीरामच्या पलीकडे दशरथची छोटी बत्ती आडवी हलत होती. झपझप. अडचण.

मी त्याच्याकडे परत फिरलो. मोतीराम माझ्या पट्ट्याला लोंबकळत होता, धापा टाकत होता. दशरथची बत्ती थांबली. मग तिनं सावकाश, मोठा गोल काढला.

ठीक.

ते खोटं होतं. मला कळलं. मला कळणार हे त्यालाही ठाऊक होतं.

मी मोतीरामला बाहेर नेलं. त्याच्या मुठीतली बत्ती काढून घेतली, नवा सिलिंडर चढवला.

"रुको," सुभेदार साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

दशरथ टेकूखाली होता. लाकडानं त्याच्या हवेची नळी तोडली होती. त्यानं गोल काढला तेव्हाच ती तुटलेली असणार. मी त्याला घेऊन आलो.

आता त्याच्या गावच्या शाळेत दर वर्षी कार्यक्रम होतो. फोटोला हार घालतात. गुरुजी मुलांना सांगतात, शूर दशरथ हातात बत्ती घेऊन सगळ्यात पुढं होता, मजुराला त्यानं बाहेर आणलं. मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलेला असतो. बत्ती मोतीरामच्या हातात होती. पुढं मी होतो. दर वर्षी ऐकतो, आणि दर वर्षी आतून जळतो. मेला तरी नंबर वन तोच. बायको म्हणते, "मग उठून सांगा की." मला सांगता येत नाही. कारण त्यांना तसं सांगणारा मीच.

तेव्हा, बोगद्यातून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही त्याला गावी नेलं. गाडीभोवती माणसं जमली होती. गर्दीत कुणी बोललं, "मागं राहिला म्हणून गेला." त्याच्या बापानं ते ऐकलं. म्हातारा वाट काढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, पोरगा मागं राहिला व्हता का?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "दशरथ पुढं होता. मागं मी होतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली. कंपनीच्या पोरांनी शवपेटी गाडीतून ओढली, आणि मी खांदा द्यायला मागच्या बाजूला गेलो.