बांडीचा चीक

खोडाळ्याजवळच्या पाड्यात कमूबाईला सगळे तोंडाळ म्हणतात. म्हणोत बापडे! तिच्या गोठ्यातलं करडू कधी उपाशी राहत नाही. शेळी व्याली की कमू उरलेला चीक पातेल्यात काढते आणि सगळ्याच करडांना पाजते. तिची आईही असंच करायची.

यंदा डॉक्टर ममतांनी तिच्या करडांवर गुडघे सुजवणाऱ्या एका रोगावरची नवी लस वापरून पाहिली. लशीत अख्खा विषाणू नव्हता, प्रयोगशाळेत बनवलेला त्याच्या प्रथिनाचा इवलासा तुकडा होता. निम्म्या करडांना लस टोचली, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

आज त्यांनी नुकत्याच व्यालेल्या बांडी शेळीचे सुजलेले गुडघे दाबून पाहिले.

"कमूताई, हाच तो रोग असणार. दुधातून पसरतो. हिचा चीक कुणाला पाजू नका."

"सकाळीच पाजला म्याडम. सगळ्यांना. हिचं नवं करडू तेवढं राहिलं, उभंच राहिना."

"लस लागू पडली तर ती टोचलेली करडं वाचतील."

"न् पाणी टोचलेली?"

डॉक्टर गोठ्यातली करडं मोजू लागल्या.

तेवढ्यात बांडीचं नवं करडू, ज्याला ना लस मिळाली होती ना पाणी, भुकेनं कमूची बोटं चोखू लागलं. इंगळी डसावी तसा तिने हात मागे ओढला. बोटं अजून चिकानं चिकट होती.