शर्यतीची हळद

सांगलीतली ती रस्त्यावरची पळण्याची शर्यत टिकली ती एकट्या माझ्या धाकट्या दिरांच्या हट्टानं, आणि आमच्या घरात कुणाला स्वस्थता मिळाली नाही तीही त्याच हट्टानं. साठ सालानंतरची ही गोष्ट. भावजी हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, लग्न केलं नव्हतं. रस्ता मोजायला त्यांनी माझी कपडे वाळत घालायची दोरी नेली. आठ दिवस आमची लुगडी कुंपणावर वाळली. एका वर्षी शर्यतीच्या आड वरात आली, तर घोड्यावरच्या नवरदेवाला म्हणाले, "गड्या, तुझी नवरी कुठं पळून जात न्हाई. ही पोरं पळत्यात, त्यास्नी जाऊ दे." वरात थांबली.

पळणाऱ्यांनी नदीघाटावरून निघायचं, विश्रामबागेला वळायचं आणि परत घाटावर यायचं. कुणी मधूनच वळू नये म्हणून भावजी वळणावर उभे राहून प्रत्येकाच्या कपाळाला ओली हळद लावायचे. शेवटचा गडी वळला की सायकलवरून घाटावर यायचे आणि कपाळं बघून निकाल द्यायचे. हळद नाही तर नंबर नाही. पेठेतल्या बायका पोरांना विचारायच्या, "काय रं, हळद लागली, लगीन कवा?"

त्या वर्षी माझा भाऊ तासगावहून पळायला आला. परत येताना आमच्या दारावरून गेला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढं होता, तोंड लालभडक. मला राहवलं नाही. भरली कळशी त्याच्या डोक्यावर ओतली. त्यानं पळता पळताच दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हळदीचं मला तेव्हा सुचलंच नाही. घाटावर तो पहिला पोचला, पण कपाळ स्वच्छ. भावजींनी बघितलं आणि नंबर दुसऱ्याला दिला. लोक भावाला मधूनच वळलेला चोर म्हणाले. तो जेवायलाही न थांबता गेला.

संध्याकाळी मी भावजींना विचारलं, "आवं, तुमच्याच हातानं लावली न्हवं हळद?"

"व्हय. लावली की."

"मग तिथं का बोलला न्हाई?"

"वहिनी, तुमचा भाऊ हाय त्यो. घरचा म्हणून नंबर दिला, म्हणली असती लोकं."

"आता चोर म्हणत्यात, ते लय ग्वाड लागतं?"

मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं चुकलं, हे मी आजही म्हणते.

भाऊ पुन्हा पळाला नाही. भावजी मात्र दरवर्षी शर्यतीच्या आधी त्याला बोलवायला तासगावला जायचे. तो आत बसून बायकोकडून 'घरात न्हाईत' म्हणून सांगवायचा. हे तीच मला सांगायची. भावजी ओसरीवर पाणी पिऊन परत यायचे आणि चपला काढता काढता मला म्हणायचे, "पुढल्या साली नक्की येतो म्हणाला."

मी म्हणायचे, "बरं झालं. बसा, वाढते."