सुमनताईंसाठी टाकलेला शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि झालं ते तिच्याच मावसभावापायी.

परवा सुमनताई निवृत्त झाल्या. आमच्या आमदारांच्या कार्यालयात मी स्वीय सहायक. ताई माझ्याही आधीपासूनच्या. साहेब अधिवेशनात विचारायचे ते प्रश्न एके काळी ताई लिहायच्या. पाटाचं पाणी असो की एसटीचा थांबा — मंत्र्याला निसटायला फटच ठेवायच्या नाहीत. मला तसा एकही साधलेला नाही. सत्काराचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडेच आलं. 'निष्कलंक सेवा' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

फिरवाफिरव पुरे — सांगतो.

अधिवेशनाला निघताना साहेब दहा-वीस कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायचे. लोकांची कामं अडू नयेत म्हणून. कागद कपाटात, किल्ली ताईंकडे. जेवायला उठल्या की ती ड्रॉवरमध्ये टाकायच्या. मला माहीत होतं. बायकोचा हा भाऊ भंडारदऱ्याकडे मास्तर होता, त्याला शेवगावला बदली हवी होती. साहेबांना विचारायची माझी छाती झाली नाही. एक कागद काढला, शिफारस टाइप केली, पाठवून दिली. पण त्याच जागेसाठी साहेबांनी आधीच दुसऱ्या एका शिक्षिकेसाठी पत्र दिलेलं. एका जागेला दोन पत्रं! साहेब मुंबईहून आले ते भडकूनच. किल्ली कुणाकडे असते? सगळे ताईंकडे बघायला लागले. मास्तर माझा पाहुणा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मी — निदान गप्प तरी बसायचं, नाही का? मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब, एक डाव पदरात घ्या. बाईमाणूस आहे, चुकल्या असतील."

त्या वाक्याने ताईंची नोकरी राहिली, आणि लबाडी कायमची त्यांच्या माथी बसली. किल्ली माझ्याकडे आली, प्रश्न लिहायचं कामही. ताई बाहेरच्या टेबलावर, अर्जांवर शिक्के मारायला — सोळा वर्षं. मी रोज त्यांच्या समोरून आत जायचो. त्या "या भाऊ" म्हणायच्या. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण आज नको, उद्या नको करता करता माझी सगळी अब्रू त्या न सांगण्यावरच उभी राहिली. आता खालचा दगड कसा काढणार?

परवा शाल-श्रीफळ झालं, मी मानपत्र वाचलं, टाळ्या पडल्या. ताई बोलायला उठल्या.

"म्या त्या कागदाला हात लावला न्हवता, देवाला ठावं हाय. पण साहेब चिडले हुते तवा एकट्या भाऊंनी माज्यासाठी शब्द टाकला. न्हाईतर माज्या पोरीचं शिक्षण व्हतं व्हय?"

साहेब मान डोलवत होते. माइक माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठलो नाही.

मग त्यांनी लेकीला पुढे बोलावलं. "भाऊंच्या पाया पड." पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."