साडीचा रंग मरतो

"हिच्या खांद्यावर नको. साडीचा रंग मरतो."

मालकीणबाई बोलल्या. गिऱ्हाइकासमोर. मी आरशापुढं उभी होती, बदामी साडीचा पदर खांद्यावर घेऊन. आमच्या सीताबर्डीच्या दुकानात चालच आहे. साडी आधी पोरीच्या अंगावर लावून दाखवायची, मंग भावाचं बोलायचं. मालकीणबाईंनी पदर ओढला अन् एका गोऱ्या पोरीच्या खांद्यावर टाकला. गिऱ्हाईक म्हंजे नवरीची आई, ती हसली. मीबी हसली. तेच माह्या जीवाले अजून लागते.

मंग मी मागं. गठ्ठे उचल, घड्या घाल. पुढं उभी राहील तिलेच साडी विकू देत.

त्याच उन्हाळ्यात नाकाच्या बाजूनं अन् भुवयांत खाज सुटली. लाली, पापुद्रे. वस्तीतल्या डॉक्टरनं ट्यूब लिहून दिली. बोलला, "आठवडाभर लाव, पातळ. मंग बंद कर. तोंडावर हे जास्त दिवस चालत नाई." खरं बोलला बिचारा. लाली गेली. अन् चेहराबी उजळला.

मालकीणबाईंच्या लगेच डोळ्यात भरलं. "काय लावतेस गं? छान दिसायला लागलीस." अन् मले पुढं बोलावलं. गुलाबी पदर, माह्या खांद्यावर. बाप्पा, किती खुशी झाली होती मले!

ट्यूब बंद केली त लाली परत आली, रंगबी परत आला. मी परत मागं. मंग का करनार? औषधाच्या दुकानात गेली. चिठ्ठी कोनी मागितली नाई. आधीच्याहून कडक ट्यूब हातात ठेवली. दुकानातल्या बाकी पोट्ट्याबी लावू लागल्या. जेवताना डब्यातलं लोनचं फिरे, मंग ट्यूब फिरे. मालकीणबाईंले सगळं माहीत होतं. त्याईनं त टेबलाच्या खणात ट्यूबांचा साठाच करून ठेवला.

वर्ष गेलं, वर्षाच्या वरच गेलं. चामडी कांद्याच्या पापुद्र्यावानी झाली. गालावर लाल शिरा दिसत. लव वाढली. अन् नागपूरचं ऊन! रस्त्यानं चाललं की तोंडावर तिखट चोळल्यासारखं होय. एक दिवस ट्यूब राहिली की तोंड सुजे.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर मॅडमनं गालाले बोट लावून पाहिलं. "हे स्टेरॉइड आहे. औषध वाईट नाही. पण तोंडावर, इतके दिवस? आता माझ्या देखरेखीत सोडायचं. आधी त्वचा आणखी चिडेल. महिने लागतील."

मी विचारलं, "अन् रंग?"

"तुझा रंग परत येईल."

मले रडू आलं. माहाच रंग परत येनार म्हनून मी रडली. इतकी सडवली होती मालकीणबाईंनी मले.

घरी मायनं गालावर ओलं फडकं ठेवलं. माय माह्यासारखीच काळी. फडकं बदलता बदलता बोलली, "काहून वं बाई, माह्या रंगात का वाईट होतं?"

दुकानातलं बोलनं लागलं होतं, पन हे त्याच्याहून जास्त लागलं.

ट्यूब सोडली. तोंड लालभडक, बारीक फोडं. अन् नेमकी लग्नसराई. मालकीणबाईंनी खणातून नवी ट्यूब काढून माह्यासमोर ठेवली. "सीझनपुरती लाव. नंतर काय ते कर. असलं तोंड घेऊन पुढे उभी राहू नकोस."

खरं सांगते, भांडायची ताकद नव्हती माह्यात. मी थकली होती. ट्यूब त्याईच्याकडं सरकवली.

"नाई लावत."

"मग मागे जा."

"मागंबी नाई जात. मी साड्या विकते, तोंड नाई विकत."

बाकी पोट्ट्या खाली पाहून राहिल्या होत्या. त्याईलेबी मी सांगितलं, डॉक्टर मॅडम का बोलली ते, सगळ्यांसमोर सांगितलं. मंग कपाटातून बदामी साडी काढली, तसल्याच रंगाची. गिऱ्हाईक बसून होतं. आरशापुढं गेली. तोंडाची आग होऊन राहिली होती. पदर खांद्यावर टाकला अन् गिऱ्हाइकाले विचारलं, "पाहा ताई, कशी वाटते?"

मालकीणबाई उठून माह्याकडं आल्या.

नोकरी जाईल त जाऊ दे. तोंड बरं होईल का नाई, तेबी मले माहीत नाई. पन यावेळी मी पदर मुठीत धरला होता. आता कोनी ओढला, त साडी फाटंल. मी सोडनार नाई.